तुझ्या कॅप्टनचं लग्न मोडायचं कोणी?

काय गं लेखिकाबाई,

तुझ्या कादंबरीची फाईल वाचून झाली एकदाची, मधे घरात लग्नसराई होती म्हणून वेळ लागला, रागावू नकोस. 1816 चं लंडन, हिंदुस्थानातून परत आलेला कॅप्टन, त्याची जुनी मैत्रीण, दोघांचीही लग्नं दुसरीकडे ठरलेली आणि एका बॉलमध्ये, म्हणजे नाचाच्या समारंभात, दोघं अचानक समोरासमोर. तो प्रसंग मस्त जमलाय. तिचा लेमोनेडचा ग्लास कधीच रिकामा झालाय तरी ती तो ओठाला लावत राहते ना, त्याला अजिबात हात लावू नकोस.

पण पुढे काय केलंस? तिचा होणारा नवरा हेन्री निघाला जुगारी, वर दारुडा, वर त्याची बाहेर भानगड. आणि कॅप्टनची वाग्दत्त वधू गेली संगीतशिक्षकाबरोबर पळून. म्हणजे दोन्ही वाटा मोकळ्या, कुणाला काही तोडावं लागलं नाही की कुणाचं वाईट व्हावं लागलं नाही. अगं, मग दोघांची लग्नं ठरवलीस तरी कशाला?

त्या काळात ठरलेलं लग्न मोडणं म्हणजे काय होतं ते आधी नीट समजून घे, कारण तुझी अख्खी गोष्ट तिथेच आहे. पुरुषाने शब्द फिरवला तर मुलगी त्याच्यावर वचनभंगाचा दावा लावून नुकसानभरपाई मागू शकायची, इंग्लंडमध्ये हा कायदा थेट 1970 मध्ये रद्द झाला. खानदानी घरं शक्यतो कोर्टाची पायरी चढत नसत, चारचौघांत शोभा नको म्हणून, पण तू कॅप्टनची वाग्दत्त वधू व्यापाऱ्याची मुलगी दाखवलीयस, तो बाप सोडेल का? आणि दावा लागला की पुरावा काय, तर पत्रं, कारण अशा खटल्यात खुद्द त्या दोघांना साक्ष द्यायची परवानगीच नव्हती, ती मिळाली 1869 मध्ये. म्हणजे तुझ्या कॅप्टनने तिला जे गोडगोड लिहिलं असेल ते वकील भर कोर्टात वाचून दाखवणार आणि लोक खिदळणार. बाईवरही दावा करता यायचा कायद्याने, पण असा दावा लावणाऱ्या पुरुषाचंच हसं व्हायचं. बाईने मोडलं तर तिला नावं ठेवली जायची, चंचल म्हणायचे, पण तिला मोडता यायचं. सभ्य पुरुषाला तेही नाही, त्याने शब्द दिला म्हणजे दिला.

आता बघ, कॅप्टनला स्वतःहून सुटताच येत नाही! त्याला सोडू शकते फक्त ती व्यापाऱ्याची मुलगी. म्हणजे तुझ्या कादंबरीतलं सगळ्यात मोठं माणूस तीच, आणि तिला तू अडीच पानांत पळवून लावलंस. तिला कळू दे. तिने ओळखू दे की हा माणूस आपल्याशी लग्न करेल, नीट वागेल, कधी एका शब्दाने दुखावणार नाही, आणि आयुष्यभर दुसरीकडे बघत राहील. मग ती काय करेल? लगेच सोडून देईल? मला नाही वाटत. तिच्या कपड्यांच्या ऑर्डरी गेल्यात, वडिलांनी वकिलाकडून करारपत्र करून घेतलंय, नवऱ्यामागे तिला वर्षाला किती मिळणार ते लिहून झालंय. ती आधी चिडू दे, थोडी दुष्टपणे वागू दे. हा सीन तू लिहिलास ना तर बाकीचं पुस्तक आपोआप सरळ होईल.

तुला एक खरी गोष्ट सांगते, आपल्या जालना जिल्ह्याशी नातं असलेली. असईची लढाई माहितीय ना, 23 सप्टेंबर 1803, शिंदे-भोसल्यांच्या फौजेविरुद्ध जिंकलेला आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. हा 1793 मध्ये आयर्लंडमध्ये किटी पाकेनहॅम नावाच्या मुलीला मागणी घालून बसला होता आणि तिच्या घरच्यांनी नाही म्हटलं, धाकटी पाती, खिशात दमडी नाही, वर कर्ज. चिडून त्याने स्वतःचं व्हायोलिन जाळलं म्हणतात. मग 1797 ला हिंदुस्थानात आला, श्रीरंगपट्टण, अहमदनगरचा किल्ला, असई, आडगाव, गाविलगड, आणि पैसेवाला सेनापती होऊन 1805 मध्ये परत गेला. मधल्या काळात किटीचं लग्न लाउरी कोल नावाच्या अधिकाऱ्याशी ठरलं होतं, तेही मोडलं, कारण आर्थर अजून तिला विसरला नाही हे एका मैत्रिणीकडून तिच्या कानावर आलं. मैत्रिणीकडूनच का, तर लग्न न ठरलेल्या मुलीने परक्या पुरुषाला पत्र लिहायची पद्धतच नव्हती. आणि हिंदुस्थानातून बोटीने पत्र जायला पाच-सहा महिने, उत्तर यायला तेवढेच, म्हणजे एका निरोपामागे वर्ष गेलं. तुझ्या हिरॉईनला कॅप्टनची पत्रं दर महिन्याला येतात, ते तेवढं काढ बाई.

तर त्याने परत गेल्यावर पुन्हा मागणी घातली, तिला न भेटता. तिने बिचारीने कळवलं होतं की मी खूप बदललेय, आधी येऊन बघ. याने ऐकलं नाही. 10 एप्रिल 1806 ला डब्लिनमध्ये लग्न, लावायला त्याचाच पाद्री भाऊ जेराल्ड, आणि त्या भावाच्या कानात हा पुटपुटला की ही तर कुरूप झालीय. संसार कसा झाला असेल ते सांगायला नको. तिने 1831 मध्ये मरेपर्यंत त्याची भक्तीच केली आणि तो शक्यतो घराबाहेर. पुढे एका मैत्रिणीजवळ तो म्हणाला होता की लोकांनी कर म्हटलं म्हणून केलं.

मी हे का सांगतेय तर तुझी जोडीही नेमकी हेच करतेय. दहा वर्षं मधे गेलीत आणि बॉलमधल्या त्या सीननंतर तिसऱ्याच पानावर दोघं जुन्यासारखे प्रेमात! त्याने तिकडे माणसं मारलीत, तापाने मित्र गेलेले पाहिलेत, तिने आईचं आजारपण काढलंय, हेन्रीशी हो म्हणताना रात्रभर विचार केलाय. ही दोन अनोळखी माणसं आहेत गं. त्यांना आधी एकमेकांचा कंटाळा येऊ दे, राग येऊ दे, त्याचं काहीतरी तिला चक्क आवडू नये. मग पुन्हा प्रेम झालं तर ते खरं वाटेल.

आणि हेन्रीसाठी हा लाउरी कोल घे नमुना म्हणून. किटीने मोडलं, पण माणूस कडवट झाला नाही, पुढे स्पेनच्या मोहिमेत त्याच वेलिंग्टनच्या हाताखाली अख्खी डिव्हिजन सांभाळली. शेवटी त्याचं लग्न झालं ते 15 जून 1815 ला, आणि तीनच दिवसांनी वॉटर्लूची नेपोलियनविरुद्धची लढाई! नवरदेव इंग्लंडमध्ये, वॉटर्लू हुकली. असा माणूस सोडताना हिरॉईनला रडू येईल की नाही? दारुड्याला सोडायला काय लागतं.

बाकी किरकोळ. ग्रेटना ग्रीनला पळून जायचा चॅप्टर पूर्ण उडव, ते स्कॉटलंडला पळणं एकवीसच्या आतल्यांचं, ज्यांना आईबापाची परवानगी लागायची, तुझी दोघं सत्तावीस-तिशीची आहेत, त्यांना कोण अडवतंय. शेवटचं लग्न संध्याकाळी मेणबत्त्यांच्या उजेडात लावलंयस, तेव्हा चर्चमध्ये लग्न सकाळी आठ ते बारामध्येच व्हायचं, वेळ मोडायची तर कँटरबरीच्या आर्चबिशपचं खास लायसन्स हवं, ते तुझ्या कॅप्टनला कोण देणार? आणि पत्राचं पोस्टेज ज्याला पत्र आलं तो भरायचा, 1840 पर्यंत तरी. कागद वाढला की पैसे वाढायचे, म्हणून लोक एकदा लिहून मग कागद आडवा धरून त्याच ओळींवर परत लिहायचे. हिरॉईन गरीब आहे ना, मग तिला असं एक जाड पत्र येऊ दे आणि ते सोडवून घ्यायचं की नाही यावर तिला अडू दे, त्या एका गोष्टीत तिची परिस्थिती कळेल, तू दोन पानं फाटक्या पडद्यांवर घालवलीयस त्यापेक्षा बरं.

भाषेचं आत्ता काही बोलत नाही, ती तुझी छान आहे, फक्त "हृदयाची स्पंदनं" सात-आठ ठिकाणी आहेत त्यातलं एक ठेव.

आता नव्याने अख्खं लिहायला बसू नकोस. फक्त व्यापाऱ्याच्या मुलीचा तो सीन लिही, ती कॅप्टनला बोलावून घेते तिथपासून, आणि तेवढाच पाठव. वर्डमध्ये पाठव हं, पीडीएफवर मला खुणा करता येत नाहीत.

तुझी,
ताई