जनरेटर तापून बंद पडतो, तेव्हा काय तपासावं?

प्रश्न: आमच्या मोटरहोममध्ये ४ किलोवॉटचा एअर-कूल्ड पेट्रोल जनरेटर आहे. सकाळी तो कितीही वेळ चालतो. दुपारी एसी लावला की पाऊण तासात बंद पडतो आणि अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू होतो. ऑइल, एअर फिल्टर, स्पार्क प्लग सगळं नवं घातलं, तरी फरक नाही. आता काय पाहायचं?

आधी तो बंद कसा पडतो ते ऐका, पाना नंतर हातात घ्या. एसी चालू ठेवून जनरेटरच्या बाजूला, पण धूर अंगावर येणार नाही अशा जागी उभे राहा. शेवटची दहा-पंधरा सेकंदं सगळं सांगून जातात. आवाज एकसारखा असताना बटण दाबल्यासारखा एकदम गप्प झाला, तर सेफ्टी स्विचने किंवा कंट्रोलरने त्याला थांबवलं आहे. आधी रेस वर-खाली झाली, इंजिन मिसिंग करू लागलं, म्हणजे अडखळू लागलं, आणि मग थांबलं, तर त्याला पेट्रोल पुरत नाही. इंजिन चालूच आहे आणि फक्त आतली वीज गेली, तर ब्रेकर पडला आहे. ब्रेकर नुसत्या उष्णतेनेही पडतो, टर्मिनलचा स्क्रू ढिला असेल तर हमखास. हे तीन वेगळे बिघाड आहेत. लोक तिन्हींना ‘तापून बंद पडला’ म्हणतात आणि चुकीचे पार्ट बदलत बसतात.

कमिन्स ओनान कंपनीच्या बऱ्याच जनरेटर सेटमध्ये बिघाडानंतर बटणातला दिवा लुकलुकतो. तो किती वेळा लुकलुकतो ते मोजा. तीनदा लुकलुकून थांबत असेल तर स्टॉप बटण एकदा दाबा, म्हणजे दोन आकडी कोड येतो. तो ३६ आला, तर कंट्रोलरने न सांगता इंजिन आपोआप थांबलं असा त्याचा अर्थ. अशा वेळी पेट्रोलपासून सुरुवात करा.

पेट्रोलच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात असू द्या. मोटरहोममध्ये जनरेटरची नळी टाकीच्या तळापर्यंत नेलेली नसते. जनरेटरने गाडीचं सगळं पेट्रोल संपवू नये म्हणून ती साधारण पाव टाकीच्या वर ठेवतात. तेव्हा काटा पावाजवळ असेल तर आधी टाकी भरा. टाकी भरलेली असूनही फक्त उन्हात मिसिंग होत असेल, तर पेट्रोलची नळी सायलेन्सरजवळून जाते का पाहा. तिथे पेट्रोलची वाफ धरते आणि पंप ती ओढू शकत नाही. नळी दूर घेऊन नीट क्लॅम्प करा, फिल्टर बदला.

जनरेटर एकदम गप्प होत असेल, तर हवेचा मार्ग तपासा. एअर-कूल्ड इंजिनाला गार ठेवणारं दुसरं काहीच नसतं. फ्लायव्हीलवरचा पंखा हवा ओढतो, पत्र्याचं आवरण ती सिलिंडर आणि हेडच्या फिनमधून (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पट्ट्यांमधून) नेतं आणि गरम हवा खालून बाहेर पडते. एअर फिल्टर बदलला म्हणून हा मार्ग साफ होत नाही, तो फिल्टर फक्त इंजिनाच्या श्वासाचा.

हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढाच. ऑटो-स्टार्ट असलेला सेट हात आत असतानाही सुरू होऊ शकतो. सेट पूर्ण थंड झाल्यावर आवरणाचे पत्रे काढा आणि टॉर्च आडवा धरून फिनच्या फटींतून पाहा. पलीकडचा उजेड दिसायला हवा. बहुतेक वेळा तिथे ऑइलची वाफ आणि रस्त्याची धूळ मिळून काळी, ओलसर पेंड झालेली असते. कुंभारमाशी नेमक्या या फटींत मातीचं घर बांधते आणि ते भाजून विटेसारखं कडक होतं. लाकडी पट्टीने ते उकरा. स्क्रूड्रायव्हर वापराल तर अॅल्युमिनियमची फिन तुटेल. चिकट थरावर डिग्रीझर मारून ब्रशने घासा. अल्टरनेटरच्या (वीज तयार करणाऱ्या भागाच्या) बाजूला पाण्याचा फवारा मारू नका. पेंड ओली दिसली तर ऑइल कुठून झिरपतं तेही शोधा, नाहीतर दोन महिन्यांत फिन पुन्हा भरतील.

पत्रे परत बसवताना एकही स्क्रू किंवा फोमची पट्टी सोडू नका. फट राहिली की पंख्याची हवा सोप्या वाटेने निसटते आणि हेडपर्यंत जातच नाही. ‘सर्व्हिसनंतर तापायला लागला’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

मग एक साधी परीक्षा करा. एक थर्मामीटर हवा आत जाते त्या जाळीजवळ लावा, दुसरा गाडीपासून लांब सावलीत ठेवा. अर्ध्या तासाने जाळीजवळचं तापमान ८-१० अंशांनी जास्त दिसलं, तर जनरेटर स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो आहे. भिंतीला चिकटून उभी केलेली गाडी, खाली वाढलेलं गवत किंवा फाटलेलं सील यांनी असं होतं. वाळलेल्या गवतावर तर सेट चालवूच नका, आग लागते.

आता लोडचा हिशेब. छतावरचा एक एसी चालताना साधारण १६०० वॉट घेतो. मायक्रोवेव्हवर १००० लिहिलेलं असलं तरी तो ओढतो १५०० च्या आसपास. रात्रभर वापरलेली बॅटरी भरणारा चार्जर आणखी ९०० घेऊ शकतो. बेरीज झाली ४०००, म्हणजे सेट शंभर टक्क्यांवर. चार्जर गुपचूप चालू असतो, म्हणून हिशेबात त्याला कोणी धरत नाही. उंचीवर पातळ हवेमुळे इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला साधारण ३.५ टक्क्यांनी घटते. १५०० मीटरवर तुमचा सेट जेमतेम ३३०० वॉटचा उरतो.

हवा आणि लोड दोन्ही ठीक असेल तर प्लग काढून पाहा. चिनी मातीचा भाग पांढराफटक आणि फोडी आल्यासारखा दिसला, तर मिक्स्चर लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी आहे. जुन्या पेट्रोलच्या थराने कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) अडतो आणि कमी पेट्रोलवर इंजिन जास्त तापतं. लोडवर चोक किंचित ओढल्यावर आवाज सुधारला, तर खात्रीच धरा. सायलेन्सरमधली ठिणगी अडवणारी जाळी काजळीने भरली की गरम वायू आत कोंडतात, तीही काढून साफ करा. ऑइल डिपस्टिकच्या खुणेपर्यंतच भरा, कारण जास्त झालं तर फेस होतो आणि फेस उष्णता वाहून नेत नाही.

प्रश्न: आमचा डिझेल जनरेटर रेडिएटरवाला आहे. कूलंट पूर्ण भरलं, तरी लोडवर तासाभरात तापमानाच्या बिघाडाने थांबतो. थर्मोस्टॅट बदलावा का?

लगेच नको. थर्मोस्टॅट म्हणजे ठरावीक तापमानाला उघडून कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देणारी झडप. सेट लोडवर असताना, थांबण्याआधी, रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या नळीचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्या. मोजायचं ते रबरावर, कारण चकचकीत धातूवर तो चुकीचा आकडा दाखवतो. वरची नळी तापलेली आणि खालची बरीच गार असेल, तर कूलंट फिरत नाही. अशा वेळी थर्मोस्टॅट, पंप किंवा आतून चोंदलेला रेडिएटर पाहा. दोन्ही नळ्या जवळपास सारख्याच तापल्या असतील, तर कूलंट फिरतं पण रेडिएटरमधून हवा जात नाही.

हवा जात नसेल तर रेडिएटर हवा येते त्याच्या उलट दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशर लावला तर फिन आडव्या होतात आणि कायमची वाट बंद होते. पट्ट्यावर चालणारा पंखा असेल तर पट्टा दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबा. तो साधारण १० मिलिमीटर दबावा. चकाकलेला पट्टा घसरतो, तो ताणून उपयोग नाही, बदला.

कूलंट फिरत नसेल तर आधी एअर लॉक, म्हणजे आत अडकलेली हवा, काढा. कूलंट नुकतं बदललं असेल तर संशय त्याच्यावरच. ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) असेल तर बुडबुडे थांबेपर्यंत तो उघडा ठेवा. मग थर्मोस्टॅट काढून पाण्याच्या भांड्यात दोरीने टांगा, तळाला टेकू देऊ नका. पाणी तापवत त्याच्यावर कोरलेल्या आकड्यावर तो उघडतो का पाहा. न उघडला तरच नवा घ्या. थर्मोस्टॅट काढून तसंच चालवणं हा उपाय नव्हे, इंजिन कायम अर्धवट तापलेलं राहतं.

रेडिएटरचं झाकणही तपासून घ्या. ५०:५० कूलंट (निम्मं पाणी, निम्मं अँटिफ्रीझ) दाबाशिवाय, मोकळं असताना १०७ अंशांच्या आसपास उकळतं. ०.९ बारच्या झाकणाखाली तेच १२५ च्या आसपास जातं. झाकणाचं रबर गेलं की ही सगळी वाढ जाते. गरम असताना ते उघडू नका. आणि सेट चालू असताना कूलंटच्या बाटलीत बुडबुडे येतच राहिले, तर हेड गॅस्केट गेलं असण्याची शक्यता मोठी, तिथे मेकॅनिक बोलवा.

प्रश्न: जनरेटरच्या कप्प्याचं दार उघडं ठेवलं किंवा आत जास्तीचा पंखा बसवला तर तापणं थांबेल का?

बंद आवरणाच्या सेटमध्ये दार उघडं ठेवल्याने बहुधा नुकसानच होतं. हवा कुठून यावी आणि कुठे जावी हे आवरणाने ठरवलेलं असतं. दार उघडलं की ती वाट मोडते. पंखा चुकीच्या दिशेने लागला तर मूळ पंख्याशीच झगडतो. एक्झॉस्ट कुठे गळत असेल तर कार्बन मोनॉक्साइड उघड्या दारातून वर येऊन खिडकीतून आत जाऊ शकतो. त्याला वास नसतो. एक्झॉस्ट पाइपच्या फ्लँजच्या जोडावर काजळीची रेघ दिसली तर गॅस्केट बदलेपर्यंत सेट चालवू नका, आणि झोपण्याच्या जागेजवळचा या वायूचा डिटेक्टर टेस्ट बटण दाबून तपासा.

प्रश्न: एसी बंद करून लगेच जनरेटर बंद केला तर चालतं का?

नाही. सगळा लोड काढून ३ ते ५ मिनिटं रिकामा चालू द्या. लोडवरून थेट बंद केला तर पंखा थांबतो, पण हेडमधली उष्णता तिथेच राहते. ती कार्ब्युरेटरकडे सरकते, तिथलं पेट्रोल उकळतं आणि दहा मिनिटांनी सेट सुरू व्हायला त्रास देतो.