गुणगुणणाऱ्या अँप्लिफायरसाठी मुलीच्या शिक्षणाची ठेव मोडावी का?

सांगलीच्या गावभागातून एका प्राध्यापक वाचकांचे सविस्तर पत्र आले आहे. त्यांचे वय ४७, हातात येणारा पगार ८२,००० रुपये, घरकर्जाचा हप्ता २२,४०० रुपये आणि कर्जाची नऊ वर्षे बाकी. व्याजदर साडेआठ टक्के व तो बदलता आहे. घरखर्च ४४,००० रुपयांच्या आसपास जातो, ६,००० रुपयांची एसआयपी चालू आहे, बचत खात्यात अडीअडचणीसाठी १,२०,००० रुपये आहेत आणि बारावीत शिकणाऱ्या मुलीच्या प्रवेशासाठी राखलेली दोन लाखांची मुदत ठेव येत्या जूनमध्ये पिकणार आहे. त्यांच्याकडे २०११ साली घेतलेला अँप्लिफायर, स्पीकरची जोडी आणि तीन वर्षांपूर्वी घेतलेला स्ट्रीमर (इंटरनेटवरून गाणी घेऊन अँप्लिफायरला देणारे उपकरण) अशी हाय-फाय यंत्रणा आहे. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी (तारांचा झंकार) ऐकताना मागे सतत एक गुणगुण येते, समोरची पिठाची गिरणी सुरू झाली की दिवा मंदावतो, म्हणून सगळ्या यंत्रणेचा वीजपुरवठा सुधारावा असा त्यांचा विचार आहे. त्यासाठी स्ट्रीमरला स्वतंत्र लिनिअर पॉवर सप्लाय, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर चालणारा वीजपुरवठ्याचा डबा (५६,००० रुपये), एक पॉवर कंडिशनर, म्हणजे आत येणारी वीज स्वच्छ करणारी पेटी (८४,००० रुपये) आणि दोन जाड पॉवर केबल (२१,००० रुपये) असा एकूण १,६१,००० रुपयांचा खर्च त्यांनी मांडला आहे. एक लाख रुपये ठेवीतून काढावेत आणि उरलेले ६१,००० बारा महिन्यांच्या ‘विनाव्याज’ हप्त्यांनी फेडावेत, हे योग्य होईल का, असा त्यांचा प्रश्न आहे.

सस्नेह नमस्कार. संगीताच्या छंदावर खर्च करू नका असे मी कुणालाही सांगत नाही, आणि तुम्हालाही सांगणार नाही. परंतु तुमच्या पत्रातील एका वाक्यापाशी मी थांबलो. तुम्ही लिहिता की, आवाजाची कळ शून्यावर नेली आणि स्पीकरला कान लावला तरी गुणगुण तशीच, तेवढीच ऐकू येते. या एका निरीक्षणावर १,६१,००० रुपयांचा निर्णय अवलंबून आहे असे माझे मत आहे, आणि ते निरीक्षण तुम्ही स्वतःच नोंदवून पुढे विसरला आहात.

मी पैशांचा हिशेब करणारा माणूस आहे. म्हणून विजेच्या बाजूचे सर्व मुद्दे मी ध्वनियंत्रे दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या स्नेह्यांकडून तपासून घेतले. कळ फिरवल्याने जी गुणगुण कमी-जास्त होते ती बहुधा कळीच्या अलीकडून, म्हणजे स्ट्रीमर, जोडणीच्या तारा किंवा अर्थिंगच्या गुंत्यातून येते. कळ शून्यावर असतानाही जी तितकीच राहते ती अँप्लिफायरच्या शेवटच्या टप्प्यातून किंवा त्याच्या स्वतःच्या पॉवर सप्लायमधून येते. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. रेक्टिफायरमधून (एसी विजेची डीसी करणाऱ्या भागातून) गेल्यावर तिच्यातील चढउतार १०० हर्ट्झचा होतो आणि तो सपाट करण्याचे काम मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर करतात. हे कपॅसिटर उष्णतेने वाळतात. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा या व्यवसायातील ठोकताळा आहे. बंद काचेच्या कपाटात, सांगलीचे अनेक उन्हाळे काढलेल्या २०११ च्या अँप्लिफायरमधील कपॅसिटर थकले असतील, तर त्यात नवल नाही. खात्री करायची असेल तर स्ट्रीमरसह मागच्या सगळ्या तारा काढून फक्त अँप्लिफायर आणि स्पीकर जोडलेले ठेवा. गुणगुण तरीही राहिली, तर दोष पेटीच्या आत आहे.

आता तुमच्या यादीतली ५६,००० रुपयांची वस्तू पाहू. ती स्ट्रीमरच्या छोट्या अडॅप्टरची जागा घेणार आहे. अँप्लिफायरला तिच्यातून एक अँपिअरही मिळणार नाही, कारण त्याचा ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि कपॅसिटर त्याच्या पोटातच आहेत. म्हणजे दुखणे गुडघ्याचे आणि पट्टी कोपराला, असा हा प्रकार होतो. लिनिअर सप्लाय वाईट असतो असे नाही. स्विचिंग अडॅप्टरच्या (वीज अतिवेगाने चालू-बंद करून व्होल्टेज उतरवणाऱ्या छोट्या अडॅप्टरच्या) उच्च वारंवारितेच्या गोंगाटाने एखाद्या उपकरणाला त्रास होत असेल तर त्याचा उपयोग होतो. परंतु चांगल्या स्ट्रीमरमध्ये आलेला पुरवठा आतल्या आत पुन्हा नियंत्रित केला जातो, त्यामुळे फरक पुष्कळदा ऐकण्याच्या पलीकडचा राहतो. शिवाय तुम्ही ज्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका मुख्यतः ऐकता ते अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्या तबकड्यांची खरखर मुद्रणातच उतरलेली आहे, आणि कोणताही पॉवर सप्लाय ती पुसू शकत नाही.

कंडिशनरबद्दल तुमचा युक्तिवाद अधिक वजनदार आहे, कारण गिरणीची मोटर सुरू होताना दिवा मंदावतो ही खरी गोष्ट आहे. मात्र किती व्होल्ट उतरतात याचा एकही आकडा तुमच्या पत्रात नाही. सहाशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या आणि आठ दिवस सकाळी, गिरणी चालू असताना आणि रात्री नऊनंतर नोंद ठेवा. घरगुती जोडणीला २३० व्होल्टच्या वरखाली सहा टक्के, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट, एवढीच तफावत मान्य आहे. वारंवार त्याखाली जात असेल तर महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते आणि तिला एक रुपयाही लागत नाही. दोष घराच्याच मीटरपेटीतील सैल न्यूट्रलचा (वीज परत नेणाऱ्या तारेच्या सैल जोडणीचा) असेल तर तो पाना फिरवून जातो. तो केवळ संगीतासाठी नव्हे, तर फ्रिज आणि टीव्हीसाठीही धोक्याचा असतो, म्हणून ते काम परवानाधारक वायरमनकडून लगेच करून घ्या.

समजा व्होल्टेज २०० पर्यंत उतरले, तरी साध्या सप्लायच्या अँप्लिफायरची कमाल शक्ती पाऊणपट होते. आवाजाच्या भाषेत हा फरक जेमतेम सव्वा डेसिबलचा आहे. बैठकीच्या खोलीत रात्री ख्याल ऐकताना तुम्ही कमाल शक्तीच्या जवळपासही जात नसाल. कंडिशनर आत येणारी वीज स्वच्छ करील. वाळलेला कपॅसिटर मात्र वाळलेलाच राहील. केबलवर मी अधिक शब्द खर्च करत नाही: खांबापासून भिंतीतल्या बोर्डापर्यंत जी तार आली आहे ती तशीच राहणार असताना शेवटच्या दीड मीटरसाठी २१,००० रुपये देणे मला पटत नाही.

तुम्ही या खर्चाला दोन ठिकाणी ‘गुंतवणूक’ म्हटले आहे. तो शब्द येथे लागू होत नाही. पॉवर सप्लायमधून उत्पन्न येत नाही आणि वापरलेल्या उपसाधनांना जुन्या बाजारात गिऱ्हाईक शोधावे लागते. उपभोगाचा खर्च म्हणून तो खुशाल करावा, पण मग त्याचा भाव दुसऱ्या बाजूने काय पडतो तेही पाहावे. तुमचा हप्ता, दर आणि उरलेली मुदत पाहता कर्जाची शिल्लक १६ लाख ८७ हजारांच्या आसपास असावी. आज त्यात १,६१,००० रुपये भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर कर्ज चौदा महिन्यांहून थोडे अधिक आधी संपते. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या घरकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंडही नसतो. मी तुम्हाला ही फेड करायला सांगत नाही, कारण जूनमध्ये प्रवेशाचे पैसे लागतील. यादीतल्या या वस्तूंची किंमत म्हणजे घराचे चौदा हप्ते, एवढेच ध्यानात असू द्या.

‘विनाव्याज’ हप्त्यांचाही हिशेब करू. रोखीने घेतल्यास विक्रेता पाच टक्के सोडतो असे तुम्ही लिहिले आहे. ६१,००० वर ते ३,०५० रुपये झाले. अशा योजनेत बँक व्याज आकारतेच, तेवढी सूट विक्रेता किमतीत देतो, आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी मात्र तुमच्या माथी येतो. बँकेचा दर १५ टक्के धरला तर तो सुमारे ८४० रुपये होतो. वर प्रक्रिया शुल्क. म्हणजे चार हजारांवर रक्कम गेली. शून्य टक्के व्याज अशी गोष्ट नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते. ठेव मोडण्याचे म्हणाल तर, बहुतेक बँका ती जितके दिवस राहिली त्या मुदतीचा दर लावतात आणि त्यातून आणखी अर्धा ते एक टक्का कापतात. पण माझा आक्षेप त्या नुकसानीवर नाही. ती ठेव मुलीच्या नावाने बाजूला काढलेली आहे आणि प्रवेशाच्या फेऱ्या कुणासाठी थांबत नाहीत.

तुमच्या पत्रातला दुसरा महत्त्वाचा तपशील पुराचा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेले, तेव्हा तुम्ही अँप्लिफायर माळ्यावर चढवला म्हणून तो वाचला, तेव्हाचे स्पीकर मात्र गेले, आणि घराच्या डागडुजीसाठी पतसंस्थेचे कर्ज काढावे लागले. तळमजल्यावर राहणाऱ्या गावभागातील कुटुंबाकडे हप्त्यासह चार महिन्यांचा खर्च, म्हणजे २,६५,६०० रुपये हाताशी असावेत असे मी धरतो. तुमच्याकडे आज दोन महिन्यांचाही नाही. (ज्याच्या आत जड ट्रान्सफॉर्मर आहे अशी कंडिशनरची पेटी मध्यरात्री माळ्यावर कोण चढवणार, हाही एक साधा प्रश्न आहे.) घराचा विमा तुम्ही घेतलेला नाही. २०२१ पासून मिळणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत पुराचा धोका धरलेला असतो आणि इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत, घरातील सामानाचे संरक्षण आपोआप येते. मात्र शॉर्ट सर्किटने किंवा जादा व्होल्टेजने उपकरण स्वतःच जळाले तर ती नुकसानी त्यात बसत नाही, हे वाचून मग सही करा.

तर माझा सल्ला असा. ठेवीला हात लावू नका आणि हप्त्यांवर काहीही घेऊ नका. पगारातून हप्ता, घरखर्च आणि एसआयपी वजा जाता तुमच्याकडे महिन्याला ९,६०० रुपये उरतात. पहिल्या दोन महिन्यांचे १९,२०० रुपये पूर्णपणे या यंत्रणेवर खर्च करा: अँप्लिफायरची तपासणी आणि कपॅसिटर बदलणे, अर्थिंगचा खड्डा दुरुस्त करणे, मीटरपेटीतील जोडण्या आवळणे आणि यंत्रणेसाठी बोर्डापासून स्वतंत्र तार ओढणे. माझ्या अंदाजाने हे सगळे १६,००० रुपयांत बसावे. अँप्लिफायर स्वतः उघडू नका. वीज बंद केल्यानंतरही मोठ्या कपॅसिटरमध्ये विद्युतभार राहतो. आणि बदललेले जुने कपॅसिटर कारागिराकडून मागून घ्या. माझ्या घरच्या एका उपकरणाच्या दुरुस्तीचे पैसे मी दोनदा मोजले आणि आत काहीच बदलले नव्हते, तेव्हापासून मी जुना भाग हातात आल्याशिवाय बिल देत नाही.

तिसऱ्या महिन्यापासून ४,००० रुपयांची आवर्ती ठेव केवळ या छंदासाठी उघडा आणि उरलेले ५,६०० अडीअडचणीच्या निधीत टाका. चौदा महिन्यांत ५६,००० रुपये जमतील. त्यानंतर पूर्ण ९,६०० निधीकडे वळवले की तिसऱ्या महिन्यापासून धरून एकूण एकवीस महिन्यांत चार महिन्यांचा खर्च उभा राहतो. दरम्यान लिनिअर सप्लायची ओढ कायम असेल, तर विक्रेत्याकडून तो आठ दिवस घरी मागवा. आवाज एकाच पातळीवर ठेवून मुलीला दहा वेळा अदलाबदल करू द्या. तुम्ही पाठ करून बसा आणि कोणता पुरवठा जोडला आहे ते सांगा. दहापैकी नऊ वेळा बरोबर आलात तर नुसत्या अंदाजाने तसे घडण्याची शक्यता एक टक्क्याच्या आसपास असते, आणि मग त्या पैशांबद्दल माझी काहीच तक्रार राहणार नाही. सहा-सात वेळाच बरोबर आलात, तर तेच काम स्थानिक तंत्रज्ञाने टोरॉइडल (कड्याच्या आकाराचा) ट्रान्सफॉर्मर वापरून बांधलेल्या साध्या सप्लायवर, याच्या कितीतरी कमी पैशांत, होते का ते पाहा. मात्र जोडण्यापूर्वी व्होल्टेज आणि पिनची धन-ऋण बाजू मल्टिमीटरने तपासा, कारण उलटी पिन लागली तर स्ट्रीमर जाईल आणि वॉरंटीचाही उपयोग होणार नाही.

दुरुस्तीनंतरही कळ शून्यावर असताना गुणगुण राहिली, तर मल्टिमीटरच्या आठ दिवसांच्या नोंदी आणि कारागिराचे लेखी निदान मला पाठवा. कंडिशनरच्या ८४,००० रुपयांचा विचार आपण त्या आकड्यांवर करू.