कुरकुर अठ्ठावीस हजारांची, की साडेआठ लाखांची?

संगमेश्वरहून एका शिक्षिकाताईंनी विचारलंय: २०१६ साली घेतलेली पेट्रोल हॅचबॅक आहे, ७४ हजार किलोमीटर झालेत. स्पीडब्रेकरवरून सावकाश उतरताना पुढून जुन्या बिजागरीसारखी कर्रर्र वाजते. गॅरेजवाल्याने 'सस्पेन्शन गेलंय, सगळंच बदलू' म्हणत २८ हजार सांगितले. मुलाचं म्हणणं, जुन्या गाडीत पैसे घालू नका. एक्सचेंजला पावणेदोन लाख मिळतायत, ७५ हजारांची एफडी मोडा, सहा लाखांचं कर्ज काढा, साडेआठ लाखांत नवी गाडी दारात येईल. काय करू?

ताई, छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे मुलाला मोह पडला तर नवल नाही. पण आधी हप्त्याचं बघू. सहा लाख, ९ टक्के, पाच वर्षं: महिन्याला साधारण १२,४५५ रुपये. एकूण व्याज जातं १ लाख ४७ हजारांच्या आसपास. म्हणजे गॅरेजवाल्याचा पूर्ण आकडा, अगदी फुगवलेला धरला तरी, सव्वादोन हप्त्यांएवढा आहे. हप्ते मात्र साठ आहेत. शिवाय विम्याच्या तक्त्यात चार वर्षं उलटलेल्या गाडीची किंमत निम्मी धरतात, तेव्हा तुमचं कर्ज अजून फिटायचंच असेल.

आता २८ हजारांकडे येऊ, कारण मला खरी शंका तिथे आहे. मी मेकॅनिक नाही, पण या आवाजाची फी मी भरलेली आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या गाडीची अशीच कुरकुर ऐकून एका गॅरेजने पुढचे दोन्ही शॉकअप बदलले, ११ हजार गेले, आणि घरी येताना पहिल्याच गतिरोधकावर तीच कर्रर्र. दुसऱ्या एकाने गाडी लिफ्टवर चढवली, स्टॅबिलायझर बारचा, म्हणजे वळणावर गाडी झुकू न देणाऱ्या दांड्याचा, बुश (सांध्यातलं रबर) काढून माझ्या हातावर ठेवला. रबर उन्हाळ्यातल्या टाचेसारखं भेगाळलेलं. जोडी बदलायला मजुरीसकट ९०० रुपये लागले.

म्हणून आधी आवाज कुठला ते ठरवायचं. सावकाश दबताना कुरकुर असेल तर संशय बुशवर. खड्ड्यात खट्ट वाजत असेल तर लिंक (त्या बारला जोडणारी छोटी दांडी) किंवा बॉल जॉइंट (चाकाला धरून ठेवणारा गोळीचा सांधा). गाडी उभी ठेवून नुसतं स्टिअरिंग फिरवताना वाजलं तर शॉकअपच्या वरचं माउंटिंग. पूर्ण वळण घेताना टकटक आली तर ते सस्पेन्शन नव्हेच, ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा, जॉइंट. घरच्या घरी एक करता येईल: गाडी उभी असताना मुलाला बॉनेटवर जोर देऊन पुढचा भाग वरखाली करायला सांगा, तुम्ही चाकाशी कान द्या, मग पंपाने एकेका बुशवर साबणाचं पाणी मारा. ज्यावर पाणी पडल्यावर आवाज थांबला, तोच गुन्हेगार. पाणी वाळलं की आवाज परत येईल, घाबरू नका. कुणी ऑइल किंवा ग्रीस लावू म्हणालं तर नको म्हणा, त्याने रबर फुगतं.

मग दुसऱ्या गॅरेजात लिफ्टवर तपासणी करून घ्या आणि पार्टनिहाय कोटेशन मागा. शॉकअपमधून तेल गळत नसेल आणि गाडी उसळत नसेल तर ते राहू द्यात. लोअर आर्मचे (चाकाला खालून चासीशी जोडणाऱ्या भागाचे) बुश फाटले असतील तर इतक्या जुन्या गाडीला अख्खा आर्म घेणं बरं पडतं, बऱ्याच गाड्यांत बॉल जॉइंट त्यातच येतो. आर्मचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो चाकं जमिनीवर टेकल्यावर. लटकत्या स्थितीत आवळला तर बुश पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. नंतर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा सरळ करून घ्या, नाहीतर टायर एका कडेने खाल्ले जातात. हा खर्च विम्यात मिळत नाही, झीज त्यात धरत नाहीत.

दोनपैकी एक गोष्ट निघाली तर मात्र माझा सल्ला बदलेल. बॉल जॉइंट ढिला असेल तर गाडी त्याच दिवशी दुरुस्त करायची, महामार्गाच्या खड्ड्यांत तशी नेऊ नका. आणि लिफ्टवर असताना खालची चासी बघून घ्या. कोकणातल्या पावसात नऊ-दहा वर्षं काढलेल्या गाडीला जिथे आर्म बसतो तिथेच गंजाने पापुद्रे सुटले असतील, तर २८ काय, आठ हजारही घालू नका. तेव्हा एक्सचेंज घ्या, पण कर्ज चार लाखांच्या वर नको. साडेसहा लाखांत बसेल ती गाडी बघा.

गंज नसेल तर दुरुस्ती पगारातून करा. एफडी तशीच राहू दे. ते अडीनडीचे पैसे आहेत, आणि मुदतीआधी मोडली की बहुतेक बँका व्याज कापतातच. मुलाला नवी गाडी हवी आहे ना, मग पुढच्या महिन्यापासून पाच हजारांची आवर्ती ठेव दोघांनी मिळून सुरू करा. तीन वर्षांत मुद्दलच १ लाख ८० हजार होईल, तुमच्या गाडीची नोंदणी तेव्हाही शिल्लक असेल. आणि हो, बदललेले जुने पार्ट गॅरेजमधून मागून घ्या, घरी नेऊन मुलाला दाखवा.