जुन्या ट्रॅक्टरचा रेडिएटर खाली घेताना

प्रश्न : आमचा मॅसी १०३५ बराच जुना आहे. रोटर (रोटाव्हेटर) मारायला लागलो की तासाभरात तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जातो. रेडिएटरच्या खालच्या टाकीला पाझरही आहे. घरीच उतरवून तालुक्याच्या रेडिएटरवाल्याकडे न्यावा म्हणतो, पण खालचे नट गंजून एकजीव झालेत. कसा काढावा? (जि. सोलापूर)

उत्तर : पाझर आहे म्हणजे रेडिएटर खाली घ्यावा लागणारच. पण ट्रॅक्टर गरम होतो तो त्याच्यामुळेच का, हे आधी बघा. सकाळी थंड इंजिनावर झाकण काढून पाणी काठोकाठ भरा, इंजिन चालू करून थोडी रेस द्या. सुरुवातीची हवा निघून गेल्यावरही तोंडातून बुडबुडे येतच राहिले, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. मग दोष हेड गॅस्केटचा (हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलचा) किंवा हेडचा, आणि नवा रेडिएटर टाकला तरी काटा तिथेच जाईल. फॅन बेल्टही दाबून बघा. अंगठ्याने अर्धा इंच दबावा, त्याहून फार ढिला असला तर पंखा आणि पंप दोन्ही मागे पडतात.

उतरवायचे काम इंजिन पूर्ण थंड असतानाच करा. बंद झाकणाखाली दाब धरलेला असतो, त्यामुळे पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडले की एकदम उसळते. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडा. खालचा कॉक उघडून पाणी बादलीत घ्या, इंजिन ब्लॉकचा कॉकही उघडा. कॉकमधून थेंबथेंबच आले तर गाळ बसलाय. तांब्याच्या मऊ तारेने हलकेच मोकळा करा, लोखंडी सळई घालू नका. पाण्यात कूलंट असेल तर बादली उघडी ठेवू नका. ते गोड लागते, कुत्री आणि जनावरे पितात, आणि ते विषारी असते.

बॉनेट आणि पुढची जाळी काढा, दिव्यांच्या वायरींना चिकटपट्टीने खुणा करा. पुढे बॅटरीची पेटी किंवा एअर क्लिनर आडवा येत असेल तर तोही बाजूला घ्या.

पहिले नुकसान होते ते होज पाइप काढताना. रबर पितळी तोंडाला चिकटलेले असते, म्हणून लोक स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटतात. ते तोंड पातळ पत्र्याचे आणि टाकीला कथलाने झाळलेले असते. जरा अंडाकृती झाले की नवा पाइपही गळतो, जास्त जोर लागला तर झाळच सुटते. क्लिप ढिली करा, पाइप ब्लेडने लांबीत चिरा आणि सोलून काढा. जुना पाइप वाचवण्यात काही अर्थ नाही.

पंख्याभोवतीचे पत्र्याचे कडे रेडिएटरपासून सोडवून मागे पंख्यावर सरकवा. रेडिएटर आणि पंखा यांच्यामध्ये जाड पुठ्ठा उभा घाला, नाहीतर उचलताना पात्याची धार नळ्यांत जाते. वरून इंजिनाकडे जाणारी आधाराची दांडी असते, ती सोडा. ती विसरली की रेडिएटर अडतो आणि माणूस हिसके देतो.

आता खालचे नट. रेडिएटर पुढच्या एक्सलच्या बैठकीवर रबरी गाद्यांवर बसलेला असतो, आणि नट नेमके चिखलाच्या तोंडावर असतात. तारेच्या ब्रशने आटे उघडे करा, गंज सोडवणारे तेल मारा आणि रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी रिंग पान्यानेच फिरवा. फिक्स पाना कोपरे गोल करतो. नटाबरोबर बोल्टही फिरताना दिसला तर तिथेच थांबा. बोल्ट टाकीच्या पट्टीला जोडलेला असेल तर ती पट्टी पीळ खाऊन टाकी फाटते. गॅसची ज्योत लावायचा मोह टाळा. कथील-शिशाची झाळ १८३ अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागते, नट सुटायच्या आत टाकी सुटेल. हॅक्सॉने नटाचा एक पैलू आट्यांपर्यंत कापा आणि छिन्नीने फोडा. पाच-दहा रुपयांचा नट गेला तर गेला.

उचलायला दोघे हवेत. आधी बोल्ट बैठकीतून सुटेपर्यंत सरळ वर, मग पुढे. गाद्या आणि वायसर कोणत्या क्रमाने निघाले त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. खालच्या टाकीचा पाझर बहुतेक वेळा इथूनच सुरू होतो: गादी झिजून गेलेली, कोणीतरी नट करकचून आवळलेला, आणि मग इंजिनाची सगळी थरथर झाळीवर. बसवताना नव्या गाद्या घाला, नट गादी जराशी दबेपर्यंतच आवळा आणि वर चेकनट (पहिला नट ढिला होऊ न देणारा दुसरा नट) लावा.

रेडिएटरवाल्याकडे नेण्याआधी खालचे तोंड हाताने बंद करून पाणी भरा आणि हात काढा. पाणी भसकन पडले पाहिजे. बारीक धार लागली तर नळ्यांत क्षार बसलेत. टाक्या उघडून रॉड मारून, म्हणजे नळ्या आतून खरवडून, घ्यावे लागेल. तांब्या-पितळेचा जुना कोर (नळ्या-पत्र्यांची जाळी) असेल तर 'नवाच घ्या' या सल्ल्याला लगेच मान डोलावू नका, तो दुरुस्त होतो. बाहेरचा भुसा आणि पाचटाची धूळ इंजिनाच्या बाजूने पुढे हवा मारून काढा. पंखा हवा पुढून आत ओढतो, म्हणून कचरा पुढच्या बाजूला अडकतो. पुढून मारलात तर तो आणखी आत जाईल. वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा जवळून मारला की पत्र्या आडव्या होतात.

बसवून झाल्यावर बोअरचे पाणी भरू नका. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, प्रमाण डब्यावर लिहिलेले. सावकाश भरा, झाकण न लावता इंजिन चालवून हवा निघू द्या, मग पातळी पुन्हा पूर्ण करा.

प्रश्न : रेडिएटर गळायला लागला की मिस्त्री हळद टाकतात. चालते का? (जि. जळगाव)

उत्तर : रानातून घरी येण्यापुरती. हळद फुगून भोकाशी अडकते तशीच अरुंद नळ्यांतही अडकते. रेडिएटर झाळायला दिलात तर हळद टाकल्याचे कारागिराला सांगा, म्हणजे तो आधी कोर धुऊन घेईल.

प्रश्न : थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाकला तर इंजिन थंड राहील ना? (जि. अहिल्यानगर)

उत्तर : गरजेपेक्षा थंड राहील, तेच नको आहे. डिझेल नीट जळत नाही, न जळलेले डिझेल स्लीव्हवरचे (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरचे) ऑइल धुऊन टाकते आणि रिंगा लवकर झिजतात. शिवाय बायपास असलेल्या इंजिनात थर्मोस्टॅट काढल्यावर काही पाणी रेडिएटरला वळसा घालून परत फिरते, म्हणजे उन्हातल्या जड कामात उलट जास्त तापण्याचीच शक्यता. शंका असेल तर तो दोरीने पातेल्यातल्या पाण्यात टांगून पाणी तापवा. वर छापलेल्या अंशाजवळ उघडायला लागला, की परत बसवा. उकळत्या पाण्यातही बंदच राहिला तर नवा आणा, गॅस्केटसकट.