खारा वारा, घाम आणि साखळी

प्रश्न : उष्ण किनारपट्टीवर एकट्याने दिवसभरात सत्तरेक किलोमीटर सायकल चालवायची आहे. पाणी किती लागेल? साखळी गंजू नये म्हणून काय करावे?

उत्तर : दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी धरा, पण तहानेपेक्षा जास्त ढोसू नका. तसे केल्यास रक्तातले सोडियम घटून मळमळते, डोके दुखते. मधूनमधून ओआरएस घ्या, पाकिटावरच्या मापातच. पहाटे निघून अकराच्या आत निम्म्याहून अधिक अंतर कापा. दुपारी समुद्राकडून येणारा आडवा वारा दमवतो.

साखळीचा खरा शत्रू मीठ, ते हवेतला ओलावा धरून ठेवते. मुक्कामी गोड्या पाण्याने हलकेच धुवा. जोराचा फवारा नको, बेअरिंगमधले ग्रीस निघते. फडक्याने कोरडी करून साखळीच्या प्रत्येक रोलरवर (कडीतल्या फिरत्या नळीवर) एकच थेंब तेल सोडा, पॅडल उलटे फिरवा आणि दहा मिनिटांनी वरचे तेल पुसा. हे पुसणेच बहुतेक जण टाळतात. मग वाळू चिकटून साखळी झिजते.

एकटे आहात, तेव्हा दोन ट्यूब, पंप, चेन टूल (साखळीची पिन काढायचे अवजार) आणि जोडकडी (तुटलेली साखळी जोडायची सुटी कडी) हवीच.