कलमं मी जगवली, मग बाग माझी का नाही?

प्रश्न: राजापूर तालुक्यात आमची अडीच एकर हापूसची बाग आहे. कलमं आजोबांनी लावली, त्यांच्या एकुलत्या एका मुलाने, म्हणजे माझ्या वडिलांनी वाढवली. 2011 मध्ये वडील मृत्युपत्र न करता वारले, तेव्हापासून सगळं मीच बघतो. सातबारा माझ्या नावावर आहे. आई माझ्याकडे असते. मुंबईच्या दोन्ही बहिणींनी कधी बागेत पाऊल ठेवलं नाही, दर मे महिन्यात पेट्या मात्र मी पाठवतो. आता त्या वाटणी मागतात. बारा वर्षांच्या वर कब्जा असल्याने बाग माझी झाली ना?

उत्तर: नाही झाली. तुम्ही पाठवलेला सातबारा पाहिला. तुमच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' लिहिलंय, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. तुमचं नाव कुटुंबाच्या वतीने लागलंय. ती अक्षरं नसती तरी फरक पडला नसता. सातबारा महसुली नोंद आहे, त्यातून मालकी जन्माला येत नाही.

कब्जाचंही तसंच. एका सहहिस्सेदाराचा कब्जा सगळ्यांचा धरतात. बहिणींचा हक्क तुम्ही उघड नाकारलात, ते कळूनही त्या बारा वर्षं गप्प राहिल्या, असं तुम्हालाच सिद्ध करावं लागेल. तुम्ही तर पेट्या पाठवत होतात! त्यांचा वकील हेच कोर्टापुढे मांडेल. (पण तेवढ्यासाठी पेट्या बंद करू नका.) बहिणींच्या लग्नात केलेला खर्चही त्यांच्या हिश्श्यातून वजा होत नाही.

आता हिस्सा. जमीन वडिलोपार्जित की वडिलांची स्वतंत्र, यावर गावात खूप वाद घालतात. तुमच्या बाबतीत तो व्यर्थ आहे. स्वतंत्र धरली तर आई, तुम्ही आणि दोन बहिणी, प्रत्येकी एक चतुर्थांश. वडिलोपार्जित धरली तरी हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुली मुलाच्या बरोबरीने आल्या. वडील धरून पाच जणांचे पाच वाटे करून वडिलांचा एक पंचमांश वाटा उरलेल्या चौघांत वाटला की उत्तर पुन्हा एक चतुर्थांश.

तुमच्या कष्टाला किंमत नाही असं नव्हे. झाडांवर केलेला खर्च मागता येतो, पण मग उत्पन्नाचा हिशेबही द्यावा लागेल. खत-औषधांच्या पावत्या आणि दलालाच्या पट्ट्या (विक्रीचे हिशेब) जपल्यात का ते आधी बघा. तुम्ही विकसित केलेला भाग शक्यतो तुमच्याच वाट्याला द्यावा, अशी विनंती वाटपाच्या वेळी कोर्टाला करता येते. बहीण वारसाहक्काचा हिस्सा विकायला निघाली, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 22 प्रमाणे तो आधी घेण्याचा अधिकार तुम्हाला आहे. शेतजमिनीलाही हे कलम लागू असल्याचं सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये स्पष्ट केलंय.

माझं मत विचाराल तर दाव्याच्या वाटेला जाऊ नका. बहिणी राजीखुशीने सोडणार असतील तर हक्कसोडपत्र करा, पण ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलंच हवं. स्टॅम्पपेपरवर सह्या घेऊन नोटरी केलेला कागद चालणार नाही. त्यांना मोबदला द्यायचा असेल तर आकडा दस्तात लिहा. मुद्रांक वाढेल, वाद टळेल. वाटणीच हवी असेल तर सगळ्यांच्या संमतीने जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे अर्ज करा. गुंठे सारखे आले की वाटणी सारखी होतेच असं नाही, म्हणून धरती (फळं देणारी) कलमं मोजून सीमा ठरवा. विहीर, पंप आणि बागेत जायची वाट सामाईक ठेवल्याचं स्पष्ट लिहून घ्या. कोकणातली निम्मी भांडणं वाटेवरूनच होतात. आईचा वाटा तिचाच. तो कुणाला द्यायचा हे ती मृत्युपत्राने ठरवू शकते, पण ते करताना तुम्ही शेजारी बसू नका.