मुलाला फौजेत पाठवायचं, पण कुठल्या दाराने?

ऐरोलीहून एका वडिलांचं पत्र आलंय. थोडक्यात असं:

"मुलगा बारावी सायन्सला आहे. आठवीपासून एनडीएचा, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा, ध्यास घेतलाय. पहाटे साडेचारला उठून मुलुंड-ऐरोली पुलाच्या बाजूला धावायला जातो. आमचं गाव साताऱ्याकडचं. थोरले बंधू मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. तेच आता सांगतात, पूर्वीची फौज राहिली नाही, पोराला घालू नकोस. सोबत एक कात्रण जोडलंय, ब्रिटनचं लष्कर नेपोलियनच्या काळानंतर सगळ्यात लहान झालं म्हणून. आपल्याकडेही चार वर्षांच्या नोकरीचा अग्निवीर आला. उद्या बजेट आणखी आवळलं तर माझ्या मुलाने पस्तिशीत काय करायचं? शिवाय तो म्हणतो, एनडीए नाही झालं तर कॉलेज सोडून अग्निवीरला जातो. त्याला सरळ नाही म्हणू का?"

नमस्कार.

नाही म्हणू नका. का, ते जरा सविस्तर लिहिते, कारण तुमची काळजी खरी आहे आणि तिला 'देशसेवा आहे, पाठवा' एवढं उत्तर पुरणार नाही.

कात्रणात तुम्ही लाल पेनाने खूण केलेली ओळ बरोबर आहे. १९९० च्या सुमाराला दीड लाखाच्या वर असलेलं ब्रिटिश लष्कर आता निम्म्याच्याही खाली आलंय. पण संख्या किती घटली यापेक्षा ती कशी घटली, आधी कशावर गदा आली आणि कोणाला जपून ठेवलं, हे तुमच्या कामाचं आहे. करिअर त्या क्रमावर ठरतं.

सैन्याच्या खर्चात पगार आणि पेन्शन लगेच कमी करता येत नाही. त्यामुळे पैसे आटले की पहिली झळ पोहोचते सरावाला, इंधनाला, सुट्या भागांना आणि नव्या खरेदीला. अमेरिकेत २०१३ मध्ये खर्चावर सक्तीची कपात आली, तेव्हा त्यांच्या हवाई दलाने कित्येक लढाऊ स्क्वाड्रन्सचं, म्हणजे विमानांच्या तुकड्यांचं, उड्डाण काही महिने बंद ठेवलं. विमानं होती, वैमानिक होते, पगारही सुरू होते. उड्डाणाच्या तासांचे पैसे नव्हते. ब्रिटनने २०१० च्या फेरआढाव्यात हॅरियर विमानांचा सगळा ताफा निवृत्त केला, 'आर्क रॉयल' ही विमानवाहू नौका मुदतीआधी काढून टाकली आणि समुद्रावर टेहळणी करणारी नवी निमरॉड विमानं, तीन अब्ज पौंडांहून अधिक खर्च झालेला असताना, सेवेत येण्याआधीच भंगारात घातली. चारी बाजूंनी समुद्र असलेला देश २०२० पर्यंत अशा विमानांशिवाय राहिला.

याच निमरॉडच्या गोष्टीतला एक तपशील मी करिअरचा सल्ला घ्यायला माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगते. विमानं मोडीत काढली, पण ती चालवायला शिकलेले लोक ब्रिटनने सोडून दिले नाहीत. त्यातल्या काहींना अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथल्या हवाई दलांत कामाला पाठवलं, हात चालू राहावा म्हणून. पेरणीसाठी बियाणं राखून ठेवतात तसं. त्याच काळात उड्डाणाचं प्रशिक्षण अर्ध्यावर असलेल्या अनेक मुलांना मात्र घरी पाठवलं. पुढे लष्कराच्या सैनिकसंख्येला कात्री लागली, आणि नंतर बरीच वर्षं त्यांना भरतीचं लक्ष्यही गाठता आलं नाही, कारण जिथून माणसं कमी केल्याच्या बातम्या येतात तिथे नवी मुलं पाऊल टाकायला कचरतात. आज तुमच्या घरात तेच चाललंय.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे बजेट कापलेलं नाही, हे आधी मनात पक्कं करा. २०२५-२६ साठी संरक्षणाची तरतूद ६.८१ लाख कोटी रुपये होती, आदल्या वर्षापेक्षा साडेनऊ टक्क्यांनी जास्त. ताण आहे तो आतल्या वाटणीचा. यातले १.६० लाख कोटी पेन्शनला आणि दोन लाख कोटींच्या जरा खाली पगार-भत्त्यांना गेले. म्हणजे शंभरातले बावन्न-त्रेपन्न रुपये. नवी विमानं, जहाजं, तोफा अशा सगळ्या भांडवली खर्चाला १.८० लाख कोटी. घरात दोन माणसं कमावती असून निम्म्याहून जास्त पगार हप्त्यांत गेला, तर नवा फ्रिज दरवर्षी पुढच्या दिवाळीवर ढकलला जातो ना, तसंच. १२६ लढाऊ विमानं घ्यायची ठरली होती, २०१६ मध्ये करार झाला ३६ राफेलचा. २०१३ मध्ये डोंगराळ सीमेसाठी सुमारे ९० हजार सैनिकांची नवी स्ट्राइक कोअर, म्हणजे चढाईसाठीचं सैन्यदळ, मंजूर झाली, पैशांअभावी ती पूर्ण उभी राहिली नाही. हवाई दलाला मंजूर आहेत ४२ स्क्वाड्रन्स, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये शेवटची मिग-२१ निवृत्त झाल्यावर उरल्या २९.

याच ताणातून मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१६ मध्ये शेकटकर समिती नेमली गेली. लढणारा हात मजबूत ठेवायचा आणि मागचा पसारा आवरायचा, हे तिचं काम. तिच्या शिफारशींवरून २०१७ मध्ये सुमारे ५७ हजार पदांच्या फेररचनेची घोषणा झाली, आणि लष्कराची दुग्धशाळांची फार्म्स, १८८९ पासून चालत आलेली, ३९ च्या ३९ मार्च २०२१ मध्ये बंद झाली. तिथल्या गायी काळजीने सांभाळणारे लोक काही निकामी नव्हते. पण बाहेर डेअरीचं दूध सहज मिळायला लागल्यावर सैन्याने स्वतः गायी का पाळायच्या, याला उत्तर उरलं नव्हतं. मुलाला फौजेतलं कोणतंही काम निवडताना हा प्रश्न विचारायला शिकवा: हे काम उद्या बाहेरून करून घेता येईल का? येत असेल तर ते पद टिकेलच याची खात्री नाही.

अग्निवीर ज्या योजनेतून भरती होतात ती अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये आली, तिची पाळंमुळंही या हिशेबात आहेत. सरकार सैन्याचं सरासरी वय खाली आणण्याचं कारण देतं आणि ते खोटं नाही. पण पेन्शनचा वाढता भार हाही त्यात आहे, हे कोणी कितीही नाकारलं तरी आकडे बोलतात. चार वर्षं नोकरी, त्यातल्या २५ टक्क्यांपर्यंत मुलांना पुढे कायम, बाकीच्यांना व्याजासह सुमारे ११.७१ लाखांचा सेवा निधी, पेन्शन नाही. पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीला प्रशिक्षणाला गेली, म्हणजे त्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीला भरतात. तुमचे बंधू 'पूर्वीची फौज' म्हणतात ती हीच, ज्यात जवान म्हणून शिरलेला मुलगा पेन्शन घेऊन बाहेर यायचा. त्यांचं दुःख मला समजतं. पण तुमचा मुलगा ज्या एनडीएच्या मागे आहे तिथून अधिकारी होतात, आणि अधिकाऱ्यांच्या भरतीला अग्निपथ लागू नाही. ही गल्लत माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ पालकांची होते. उलट अधिकाऱ्यांचा तुटवडा आहे. २०२३ मध्ये सरकारनेच संसदेत सांगितलं की एकट्या लष्करात आठ हजारांहून अधिक अधिकारी कमी आहेत. संख्या घटवणाऱ्या सैन्यालाही नेतृत्व करणारी आणि तंत्र जाणणारी माणसं लागतातच, किंबहुना जास्त लागतात.

आणि बजेटचं चक्र एका दिशेने फिरत नाही. १९९८ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल व्ही. पी. मलिक यांनी आधुनिकीकरणाला पैसे सुटावेत म्हणून लष्करातले ५० हजार जवान कमी करायचं ठरवलं होतं. पुढच्याच मे महिन्यात कारगिल झालं. तुमचा मुलगा लेफ्टनंट होईल तो चार-साडेचार वर्षांनी, आणि कर्नल होईपर्यंत वीस अर्थसंकल्प येऊन गेलेले असतील. एका कात्रणावर इतकी लांबची गोष्ट ठरवू नये.

आता तुमचा खरा प्रश्न, पस्तिशीत काय.

गेल्या पावसाळ्यात एकाच आठवड्यात दोन निवृत्त सैनिक माझ्या ठाण्यातल्या, नौपाड्याच्या ऑफिसात येऊन गेले. दोघांनीही टेबलावर आपापलं डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतल्या नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, ठेवलं. पहिले पायदळातले, सतरा वर्षांची नोकरी, त्यातला एक काळ सियाचीनमध्ये. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं थंडीने कायमची बधिर झालीत; कागदाचं पान उलटताना ते डावा हात वापरत होते. आता घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर आहेत, बारा तासांची ड्यूटी. दुसरे नौदलाच्या इंजिन रूममधले, लोणावळ्याच्या 'आयएनएस शिवाजी'त कोर्स केलेले. त्यांनी कोर्सची सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तारखेवार लावून आणली होती. महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये ते जनरेटर आणि कूलिंगची देखभाल बघतात, आणि पुढचं प्रमोशन घेताना डिप्लोमा अडतोय म्हणून विचारायला आले होते.

मला सियाचीनवाल्यांना काय सांगायचं ते सुचेना. त्यांनी जे केलं ते या शहरात कोणालाच करता येणार नाही, आणि तरी या शहराच्या नोकऱ्यांच्या जाहिरातीत त्या कामाला शब्दच नाही. ही त्यांची चूक नव्हे. आपली, आपल्या व्यवस्थेची आहे, आणि मला तिचा राग येतो. पण अठरा वर्षांच्या मुलाचा वडील म्हणून तुम्ही हा फरक डोळ्यांसमोर ठेवायला हवा. सैन्य जसजसं माणसांकडून यंत्रांकडे वळतंय, ड्रोन, रडार, सायबर, पाणबुड्या, तसतसं बाहेर विकता येईल असं कसब असलेल्याला आतही मागणी राहते आणि बाहेरही.

म्हणून माझं म्हणणं असं. एनडीए द्यायलाच हवी. परीक्षा वर्षातून दोनदा होते, वय साडेसोळा ते साडेएकोणीस, म्हणजे त्याच्या हातात अजून दोन-तीन संधी असतील. दर खेपेला जागा ४०० च्या आसपास आणि अर्ज लाखांत, त्यामुळे फक्त एका परीक्षेवर डाव लावू नका. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स नीट घासून घेऊ दे आणि जेईई मेन जरूर द्यायला लावा. त्या गुणांवर लष्कराची बारावीनंतरची टेक्निकल एंट्री आहे, नौदलाची केरळातल्या एझिमलाची बी.टेक. एंट्रीही आहे. दोन्हींत अधिकारीपद आणि इंजिनीअरिंगची पदवी एकत्र मिळते, आणि मगाशी लिहिलेल्या कारणांमुळे मला ही दारं एनडीएच्या बरोबरीची वाटतात, काही मुलांसाठी सरस. तिन्ही हुकलं तरी पदवी करून सीडीएस, म्हणजे पदवीधरांसाठीची अधिकारी भरतीची परीक्षा, आहे.

तुम्ही ऐरोलीत राहता, म्हणून एक जवळची गोष्टही लिहिते. करावे गावाजवळ, नेरूळच्या पलीकडे, इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीचं नवी मुंबई कॅम्पस आहे, पूर्वीचं 'टीएस चाणक्य'. मर्चंट नेव्हीचं शिक्षण. ते सैन्य नव्हे, मुलाला पर्याय म्हणून सांगाल तर आधी नाक मुरडेल. पण एकदा रविवारी त्याला तिकडे घेऊन जा, फाटकापर्यंत का होईना. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, नौदलासाठी संशोधन करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा आहे. 'सैन्यासाठी काम करणं' म्हणजे फक्त गणवेश, ही समजूत या वयात जरा सैल झाली तर बरं.

अग्निवीरबद्दल स्पष्ट लिहिते. रागाच्या भरात, एनडीए हुकली म्हणून, कॉलेज सोडून जनरल ड्यूटीला, म्हणजे साधा जवान म्हणून, जाणं याला माझा विरोध आहे. त्याने समजून-उमजून जायचं ठरवलं, तर टेक्निकल ट्रेडलाच जावं आणि पदवीचा धागा सोडू नये. इग्नूने अग्निवीरांसाठी पदवी अभ्यासक्रम आखलाय, त्यात प्रशिक्षणाचे निम्मे क्रेडिट धरले जातात. बाविसाव्या वर्षी सेवा निधी आणि पदवी असं दोन्ही घेऊन बाहेर पडणारा मुलगा आणि नुसता सेवा निधी घेऊन पडणारा मुलगा, यांच्या पुढच्या दहा वर्षांत फार अंतर पडतं. अकरा लाखांत ऐरोलीत काय येतं ते तुम्हाला सांगायला नको.

हे सगळं त्याला तुम्ही सांगू नका, तो ऐकणार नाही. येत्या शनिवारी त्याला घेऊन या, अकरावीचं मार्कशीट आणि मॅथ्सच्या सराव परीक्षांचे पेपर बरोबर असू देत, मला त्याची गणितं बघायची आहेत. आणि जमलं तर भाऊंनाही साताऱ्याहून बोलावून घ्या. त्यांना म्हणावं, डिस्चार्ज बुक घेऊन या. कोणत्या वर्षी कुठे होतात, काय शिकलात, काय शिकायचं राहिलं, हे पुतण्याला त्यांनी पानापानावर बोट ठेवून सांगावं, मी मध्ये बोलणार नाही.